समोरून येणारा पाय

हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला धुलाईघर ओलांडलं की एक लांबट खोली लागते. तिथे पाय तयार होतात. भिंतीवरच्या फळ्यांवर पावलं ओळीने मांडलेली असतात, डावी वर, उजवी खाली, आणि पहिल्यांदा आलेला माणूस तिकडे बघून आधी आपल्याच पायांकडे बघतो. या खोलीत मामांनी एकतीस वर्षं काढली. मामा ते खरे एकाच मुलीचे. पण ती लहानपणी सुट्टीत यायची तेव्हा खिडकीतून अशी खणखणीत हाक मारायची की गल्लीने ती हाक उचलली, गल्लीतून ती हॉस्पिटलात गेली आणि आता मोठे डॉक्टरसुद्धा त्यांना मामाच म्हणतात.

काम सांगायला सोपं. अपघातात किंवा आजारात ज्याचा पाय गेला, त्याच्या पायाच्या उरलेल्या भागावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घ्यायचा, साच्यावरून खोलगट वाटी बनवायची, वाटीखाली नळी, नळीखाली पाऊल. करायला मात्र कठीण, कारण इथली अर्ध्या बोटाची चूक माणसाच्या कमरेला जन्मभर पुरते. म्हणून मामा माणसाला उभं करत, त्याच्या पाठीशी स्टुलावर बसत, दोन्ही हात त्याच्या कमरेच्या हाडांवर ठेवत आणि डोळे मिटून घेत. हात वरखाली वाटले की पावलाखाली पातळ फळी सरकवत. मग आणखी एक. दोन्ही पाय सारखे झाल्याशिवाय ते डोळे उघडत नसत. "मी सकाळी देवाचं नाव घेते, हे 'दोन्ही सारखे' म्हणतात. पोचत असेल तेही त्याच्याचकडे," असं मामी म्हणायच्या.

मामांच्या कानावर एक पेन्सिल असे. टोक जिभेला लावून ओलं केलं की तिची रेघ जांभळी उमटते, कातडीवरून ओल्या प्लास्टरवर उतरते आणि नंतर कशानेही जात नाही. मापाच्या खुणा पुसल्या जाऊ नयेत म्हणून या कामात तीच वापरतात. त्यामुळे मामांच्या जिभेचा शेंडा बारा महिने जांभळा. "बोलणं गोड आहे, पण जीभ बघून घ्या," अशी मामी नव्या पाहुण्यांशी त्यांची ओळख करून देत.

त्यांना मूलबाळ नव्हतं. देवाने दिलं नाही, त्याबद्दल मामींनी देवाशी जे काही बोलायचं ते बोलून घेतलं होतं, आणि नंतर दोघांनीही तो विषय मिटवला होता. मग बहिणीची मुलगी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आली. हीच ती खिडकीतून हाक मारणारी. पेन्सिलीची मागची टोकं कुरतडायची सवय असल्यामुळे घरात तिचं नाव खारूताई, घाईत असलं तर खारू. मागची छोटी खोली तिला दिली. आठ दिवसांत त्या खोलीच्या भिंतींवर मोठ्या डोळ्यांच्या, टोकदार केसांच्या पोरापोरींची चित्रं लागली. जपानी धाटणीच्या चित्रकथा असतात, त्यांना मंगा म्हणतात, एवढं मामांना कळलं. त्या पोरांचे हात सदानकदा खिशात नाहीतर पाठीमागे का असतात, हे मात्र कळेना.

"थंडी वाजते का गं सगळ्यांना?" त्यांनी एकदा विचारलं.

"हात काढता येत नाहीत मला," खारू सरळ म्हणाली. "कोणाला सांगू नकोस."

दुसऱ्या वर्षी तिने आपली चित्रं चित्रकथा छापणाऱ्या एका संस्थेकडे पाठवली. तिथे शिकाऊ चित्रकार घेणार होते. उत्तर आलं ते तिने जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि स्वतः पाणी प्यायला गेली. मामांनी चष्मा लावून वाचलं. चेहरे बोलतात, असं लिहिलं होतं. पण गळ्याखाली सगळं कपड्यांच्या दुकानातल्या पुतळ्यासारखं आहे, एकाच मुलीची उंची प्रत्येक पानावर निराळी आहे, शरीराचा अभ्यास करा. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत हालचाल करणाऱ्या माणसांची आठ पूर्ण चित्रं पाठवलीत तर पुन्हा विचार करू. त्यानंतर मात्र नाही.

खारू पाणी पिऊन आली. "मामा, माणूस किती डोक्यांचा असतो?"

"एकाच डोक्याचा," स्वयंपाकघरातून मामी म्हणाल्या. "आणि या घरात तेही पडूनच असतं."

"तसं नाही गं मामी. उंची डोक्याने मोजतात."

मामांचे डोळे चमकले. आपल्या घरात, आपल्या टेबलाशी, आपल्याला येतो असा प्रश्न त्यांना उभ्या आयुष्यात कोणी विचारला नव्हता. त्यांनी मामींना भिंतीला टेकवून उभं केलं, हनुवटीपासून टाळूपर्यंत टेप लावली आणि तेवढ्या तेवढ्या अंतरावर भिंतीवर खुणा केल्या. सात डोकी आणि वर थोडं. मामी म्हणाल्या, उरलेलं थोडं म्हणजे अंबाडा. तो मोजायचा नाही असं ठरलं.

त्या दिवसापासून जेवणं आटोपली की टेबल पुसलं जाई आणि दोघं समोरासमोर बसत. मामांकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं आणि ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. माणसाच्या उंचीचा मध्य कमरेला नसतो, पाय जिथे फुटतात तिथे असतो. हात सोडले की मनगट तिथवरच येतं. गुडघा म्हणजे तिथून जमिनीपर्यंतचं निम्मं. पंजा हनुवटीपासून कपाळाच्या वरपर्यंत पुरतो, लोक तो नेहमी लहान काढतात. आणि पाऊल कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताएवढं असतं.

"थापा नको मारूस," खारू म्हणाली.

"हातच्या काकणाला आरसा कशाला? लावून बघ."

तिने खुर्चीवर बसल्या बसल्या पाऊल उचलून हाताला लावलं. तंतोतंत. मग मामांनी लावलं. मामी शेजारणीला निरोप द्यायला निघाल्या होत्या, त्याही दारातच खाली बसल्या आणि लावून बघितलं. शेजारीण दार ढकलून आत आली तेव्हा घरातली तीन माणसं आपापले पाय हातात धरून बसली होती. तिने कारण विचारलं नाही.

"पण मंगात डोकं मोठं असतं," खारूने अडचण काढली. "सहा डोक्यांत माणूस बसवतात. मग हे सगळं फुकट ना?"

मामा विचारात पडले. "डोकं मोठं कर ना, कोण अडवतंय? पण एकदा सहा म्हटलंस की प्रत्येक पानावर सहा. आणि मध्य तो मध्यच. लहान मुलालाही मी पाय करतो, मोठ्यालाही करतो. माप बदलतं गं, पण एकदा धरलेलं माप सोडायचं नसतं."

तिने ते वहीत लिहून घेतलं. मामांनी ते लिहिताना बघितलं आणि उगाच उठून खिडकी बंद केली.

पंधरा दिवसांत फरक दिसायला लागला. पोरांचे हात खिशातून बाहेर आले. खांदे डोक्याला शोभायला लागले. खारू प्रत्येक कागद आधी मामांपुढे ठेवायची, मगच रेघ पक्की करायची. कॉलेजातल्या मैत्रिणींनाही ती चित्रं दाखवत नसे. मामांना दाखवायची. त्यांना त्याची इतकी सवय झाली की कामावरून निघताना ते घड्याळ बघायला लागले.

आठही चित्रं पेन्सिलीने काढून झाली तेव्हा आठ दिवस उरले होते. खारू दोन दिवस आईकडे निघाली. जाताना म्हणाली, "मामा, कागद टेबलावर आहेत. जरा नजर टाक. आल्यावर शाई चढवते."

मामांनी नजर टाकली. पाच चित्रं त्यांना पसंत पडली. तीन बघून त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. एक मुलगी धावत येत होती, तिचा पुढचा पाय चांगला लांब आणि मागे दुमडलेला अर्धाच. एक मुलगा भिंतीवर बसला होता, त्याच्या मांड्या जेमतेम वीतभर. तिसरी चेंडूला लाथ मारणारी, तिचा उचललेला पाय म्हणजे नुसतं मोठं पाऊल आणि त्यामागे टीचभर नडगी. एवढं शिकवलं आणि पोरीने घाईत घात केला. मामांनी टेप आणली. धावणारीचा एक पाय अकरा बोटं, दुसरा सहा.

"अहो, तिला आल्यावर विचारा की," मामी म्हणाल्या.

"त्यात विचारायचं काय? मापातली चूक ती चूक. बिचारीचा वेळ वाचेल."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं आणि फार मायेने, एका एका रेघेला श्वास रोखून, तिन्ही चित्रांमधले पाय सारखे केले.

खारू परतली ती पिशवी खांद्यावरून न उतरवताच टेबलाशी गेली. मामा तिच्या तोंडाकडे बघत उभे होते, शाबासकी घ्यायच्या तयारीत. तिने खोडरबर घेतलं. रेघ हलली नाही. तिने ओलं फडकं लावलं. रेघ फुलली, पसरली, आणि धावणारी मुलगी गुडघ्यापर्यंत जांभळ्या डबक्यात उभी राहिली.

"मामा, ती समोर धावत येतेय." खारूचा आवाज अगदी हळू होता. "तिचा मागचा पाय आखूड दिसणारच."

"आखूड पायाने धावेल कशी ती?"

"दिसतो आखूड. आहे तेवढाच."

"एकतीस वर्षं पाय बघतोय मी, खारू."

"मोजतोयस," ती म्हणाली. "तुला उभी माणसं कळतात, मामा. चालणारी नाही कळत." आणि ती खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं मामींना वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून कागद टेबलावर आले नाहीत. ते खारूच्या पिशवीत राहायला लागले. ती कॉलेजच्या वाचनालयात बसून काढायची आणि जेवायला यायची तेव्हा विचारलेल्याला उत्तर द्यायची, तेवढंच. जेवणं झाली की मामी टेबल पुसत आणि मामा त्या पुसलेल्या टेबलाशी बसून राहत. तिला ती जागा मिळेल की नाही, ही काळजी होतीच. पण आता ती आपल्याला पुन्हा कधी चित्र दाखवणार नाही, हे त्यांना जास्त लागलं होतं, आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती.

"तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?" त्यांनी मामींना विचारलं.

मामींची सकाळची प्रार्थना नुकतीच झाली होती, म्हणून त्या सौम्य होत्या. "देवाने दोन डोळे दिलेत तुम्हाला. तुम्ही दोन्ही मोजायला लावलेत. एखादा बघायला ठेवला असतात तर त्याची काही हरकत नव्हती."

त्याच दिवशी टपालवाल्या बाईंची पाळी होती. या बाई बावीस वर्षं घरोघर पत्रं टाकत हिंडलेल्या, वर्षापूर्वी गाडीखाली पाय गेला. नवा पाय लावून चालायचा त्यांचा तिसरा दिवस. खोलीच्या मध्यभागी हातांनी धरायला दोन समांतर दांडे आहेत, त्यांच्यामधून चालायचं असतं. मामा नेहमीप्रमाणे दांड्यांच्या टोकाशी समोर बसले. बाई निघाल्या. मामांनी त्यांच्या कमरेकडे बघितलं, खांद्यांकडे बघितलं, सगळं ठीक होतं. मग त्यांना खारूची एक युक्ती आठवली. पेन्सिल हात लांब करून धरायची, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवून दिसेल तेवढंच मोजायचं, माहीत आहे ते नाही. मामांनी पेन्सिल धरली.

पुढे टेकलेला पाय, गुडघ्यापासून खाली: पेन्सिलीची जवळजवळ अख्खी लांबी. मागचा, जमिनीवरून नुकताच सुटलेला: अंगठ्याच्या नखाएवढा.

मामांनी डोळा बदलला. तेवढाच. हा पाय त्यांनी स्वतः बनवला होता, त्याची लांबी त्यांना झोपेतही सांगता आली असती. रोज अशीच माणसं समोरून चालत येत होती आणि रोज त्यांचा पाय असाच आखूड होत होता. मामांच्या मनाने तो बसल्या जागी लांब करून घेतला होता, एकतीस वर्षं.

"आखूड," ते मोठ्याने म्हणाले.

टपालवाल्या बाई दांडा घट्ट धरून थांबल्या. "आखूड झाला? देवा रे. म्हणजे परत साचा घ्यायचा?"

"नाही हो बाई, पाय झकास आहे. तुम्ही परत मागे जा आणि या."

"का?"

"मला बघायचंय."

बाई गेल्या आणि आल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. पाचव्या खेपेला त्यांनी विचारलं, "मामा, मी सुधारतेय की तुम्ही?"

संध्याकाळी मामा खारूच्या दाराशी उभे राहिले. आत जाऊ की नको असं करत त्यांनी चपला दोनदा सरळ केल्या. मग दारातूनच म्हणाले, "माझं चुकलं. मी आज मोजून बघितलं. पेन्सिलीने, एक डोळा मिटून. नखाएवढा भरला."

खारूने मान वर केली. मामींशी लग्न झाल्यापासून मामांनी 'माझं चुकलं' हे शब्द उच्चारल्याची घरात नोंद नव्हती. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

"कोणाचा?" तिने विचारलं.

"टपालवाल्या बाईंचा. दहा वेळा चालवलं त्यांना." मामा दाराच्या चौकटीला टेकले. "उद्या येतेस? विचारलंय मी त्यांना. आणखी दोघंजण हो म्हणालेत. समोरून चालत येणारी माणसं वाचनालयात कुठे मिळणार तुला?"

ती लगेच हो म्हणाली नाही. म्हणाली, "तुझी पेन्सिल माझ्या कागदाजवळ आणायची नाही."

"कपाटात ठेवतो. किल्ली तुझ्याकडे."

चार दिवस उरले होते, त्यांतले दोन तिने पायांच्या खोलीत काढले. मामा समोर आणि ती त्यांच्या शेजारी जमिनीवर, मांडीवर फळी घेऊन. माणसं येत, दांडे धरत, चालत. सुरुवातीला ती संकोचली, पण ज्याला पाय नव्यानेच मिळालाय त्याला कोणी बघत असेल तर वाईट वाटतंच असं नाही. टपालवाल्या बाई तर केस नीट करूनच आल्या होत्या.

"माझं नाक जरा सरळ काढ हं."

"बाई, मंगात नाक म्हणजे एक ठिपका असतो."

"मग उत्तम. घरी तेवढंच दाखवीन."

खारूच्या कागदावर पाय आता बरोबर आखूड होत होते. तरी काहीतरी राहत होतं. तिने काढलेली माणसं जमिनीवर नुसती चिकटवल्यासारखी दिसत होती. ती कागद जवळ धरून, लांब धरून बघत होती. मामांना कारण दिसलं, पण त्यांनी हात मांडीखाली दाबून ठेवले.

"बोल ना," खारूच म्हणाली.

"सांगू? हात नाही लावत." मामांनी टपालवाल्या बाईंना एका पायावर भार द्यायला सांगितलं. "गळ्याचा खळगा बघ. तिथून सरळ खाली दोरी सोडली तर कुठे पडेल?"

"टाचेजवळ. ज्या पायावर उभ्या आहेत त्याच्या."

"आता कंबर. भाराच्या बाजूची वर गेली, दुसरी खाली आली. खांद्याने ते उलट करून सांभाळलं. माणूस पडत नाही म्हणजे काय, तर हे सगळं एकमेकांना सांभाळून घेतं. मी हे हातांनी बघतो, तू डोळ्यांनी बघ."

खारूने दोरीची रेघ ओढली, टाच तिच्याखाली आणली, कंबर तिरपी केली. कागदावरच्या मुलीच्या अंगात वजन आलं. खारू पेन्सिलीचं टोक चावत त्या मुलीकडे बघत राहिली आणि मग कागद मामांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी, कडांना धरला.

तिन्ही चित्रं नव्याने काढून, आठांवर शाई चढवून, पाकीट वेळेत गेलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ते खारूने उभ्याउभ्याच वाचून दाखवलं. तिला तीन महिन्यांसाठी घेतलं होतं. शरीरं उत्तम, असं लिहिलं होतं, माणसं जमिनीवर उभी आहेत. चेहरे मात्र अलीकडे जरा थकलेले वाटतात. तेव्हा सध्या तिने दुसऱ्या एका चित्रकाराच्या कथेत शरीरं काढावीत, चेहरे तो काढेल.

"म्हणजे जन्मापासून जमत होतं ते नको, आणि परवा शिकलीस ते हवं," मामी म्हणाल्या. "देवालाही गंमत करायला आपलंच घर सापडतं." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"चेहरे थकले कारण मी तुझ्या खोलीतल्या माणसांना बघत होते," खारू मामांना म्हणाली. "ती दमलेली होती."

"दमणारच. चालणं सोपं आहे का?"

पहिलं काम आलं ते एका गर्दीचं. सोळा माणसं जिना उतरत आहेत, बघणारा खाली उभा आहे. रविवारी खारूने मोठा कागद टेबलावर पसरला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून, लहानपणी मारायची तशी, हाक मारली. मामा चष्मा पुसत आले. बराच वेळ बघत राहिले. सातव्या माणसाशी त्यांचं बोट थांबलं, कागदापासून चार बोटं वर.

"हा पडेल का गं?"

"मलाही तसंच वाटतंय. पण कुठे चुकलंय ते कळत नाही."

"मलाही नाही कळत," मामा म्हणाले. "जिना उतरणारं माणूस मी कधी बघितलेलंच नाही. आमच्या खोलीत जिना कुठे आहे?"

मग दोघं उठली आणि इमारतीच्या जिन्याच्या तळाशी जाऊन पायरीशेजारी फरशीवर बसली, दोघांच्या हातात पेन्सिली, दोघांचा एकेक डोळा मिटलेला. मामी वरच्या मजल्यावर कठडा धरून उभ्या होत्या. शेजारीण आपल्या दारात आली. याही वेळी तिने कारण विचारलं नाही, फक्त स्टूल आणून बसली.

"अहो, गुडघे माझे आहेत," मामी वरून म्हणाल्या. "किती वेळा?"

"हे शेवटचं," मामा म्हणाले.

"मागचंही शेवटचंच होतं."

"मामी, हात सोड ना कठड्याचा," खारू म्हणाली, "आणि खाली बघू नकोस, आमच्याकडे बघ."

मामींनी तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं, पदर खोचला आणि सहाव्यांदा जिना उतरायला पाऊल पुढे टाकलं.